तक्ता दोन, मृत्यू शून्य

फोटो मी काढला.

आमचा संशोधनाचा पेपर छापून आला त्या दिवसाची गोष्ट. अंधेरीच्या लॅबमध्ये, लॅब चालवणाऱ्या मॅडमनी केक मागवला होता. टेबलाभोवती सगळे उभे. मधे मॅडम, त्यांच्या शेजारी लॅबमधलाच ऋत्विज, पलीकडे पुण्याहून आलेले एक सर. या सरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते, पण पेपरवर त्यांचं नाव होतं. मीही केस सारखे केले आणि कडेला जाऊन उभी राहिले. तर मॅडम म्हणाल्या, "अगं, तू काढ ना फोटो. तुझा हात स्थिर आहे."

सगळे हसले. मीही हसले. हसले ना, खोटं कशाला बोलू? ऋत्विजचा मोबाईल घेतला आणि तीन फोटो काढले. तिसऱ्यात मॅडमचे डोळे मिटले होते म्हणून चौथा काढला.

हात स्थिर होता खरा. दोन वर्षं त्याच हाताने मी टीबीच्या पेशंटांच्या थुंकीत पिपेट बुडवत होते. थुंकीतले बाकीचे जंतू मारायला तिला एक धुणं द्यावं लागतं. जास्त वेळ दिलं तर टीबीचा जंतूही मरतो. कमी दिलं तर बाकीचे माजतात आणि जंतू वाढवायला ठेवलेली बाटली नासते. वस्तीतून उन्हातान्हात आलेली सॅम्पल्स तर हटकून नासायची. किती मिनिटं धुवायचं, पाणी कधी बदलायचं, हे मी रोज करून करून बसवलं. कुणी शिकवलं नाही. त्या पेपरात छापलं ते हेच. पहिलं नाव ऋत्विजचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्या क्षेत्रात माणूस म्हणजे त्याचे पेपर. काम ज्याने केलं त्याचं नाव पहिलं. ज्याची लॅब, त्याचं शेवटी. मधली नावं मदतीची, मैत्रीची, कधी नुसत्या ओळखीची. पुढची नोकरी, पीएचडी, परदेशातलं बोलावणं, सगळं त्या एका ओळीवर ठरतं. त्या ओळीत मी नव्हते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभार होते, तिथे होते. माझ्या आधी आम्हाला फ्रीजर देणाऱ्या कंपनीचे आभार मानले होते.

तरी येड्यासारखी प्रिंट काढून घरी घेऊन गेले.

आमचं घर घाटकोपरच्या डोंगरावर. आई म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया होती. कितीतरी वर्षं टीबीच्याच वॉर्डात. पेशंटांची थुंकायची भांडी तिनेच उचलली, तिनेच धुतली. तिला इंग्रजी येत नाही, पण माझ्या डिग्रीवरचं माझं नाव तिने इतक्यांदा पाहिलंय की त्याचा आकार तिला पाठ आहे. तिने हात पदराला पुसले, कागद मांडीवर घेतला आणि पहिल्या पानावरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"यात तुझं नाव कुठंय गं?"

मी शेवटचं पान काढून दिलं.

"हे तर पार मागं हाय." मग म्हणाली, "लादी पुसणारीचं बी नाव घालत्यात का हितं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं की इथं सगळ्यांचीच नावं घालत असतील, आणि तिला ते बरं वाटलं. मी तिच्यावर ओरडले. तुला काय कळतं, म्हणाले. ती उठून भाजी चिरायला बसली. ते आजही आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. हे सांगितलं नाही तर लोकांना वाटेल, मी कुणा राक्षसिणीची गोष्ट सांगतेय. गोड बोलायच्या. वाढदिवसाला पुस्तक द्यायच्या. माझी जात त्यांनी कधी विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही. आडनाव होतं, एप्रिलमध्ये जयंतीची रजा होती, बास. वस्तीत सॅम्पल आणायला कोण जाणार असा प्रश्न आला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायचे. "तूच जा बाई," मॅडम म्हणायच्या. "तिथे कसं बोलायचं ते तुला कळतं. ऋत्विजला तिथे मळमळतं."

मला मळमळत नसेल असं कुणाला का वाटलं, हे मी कधी विचारलं नाही.

पुढचा अभ्यास देवनारच्या बाजूचा. ज्यांना नेहमीची टीबीची औषधं लागू पडत नाहीत, असे पेशंट. कुठलं औषध चालेल हे लवकर सांगणारी एक नवी टेस्ट होती. तिच्यावरून औषध ठरवायचं आणि मग पेशंटांचं काय होतं ते महिनोनमहिने बघत राहायचं. परदेशातली एक टीम बरोबर होती. मोठं काम होतं. या वेळी मी आधीच मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, या पेपरात माझं नाव पाहिजे."

"अगं, नाव काय पळून जातंय का? काम कर, येईल."

मी केलं. सकाळी सातला देवनार. पेशंट उठल्या उठल्या जो पहिला खोकतो तो बेडका पाहिजे असतो, नुसती लाळ चालत नाही. लोकांना ते करून दाखवायला लागतं. मी त्यांच्यासमोर उभी राहून खोकून दाखवायचे, आतून, पोटातून. पोरं हसायची. मग बर्फाच्या डब्यात डब्या भरून अंधेरी. एकदा रिक्षावाल्याने विचारलं, "क्या मॅडम, देवनारचं मटण का?" म्हटलं, हो. नाहीतर उतरवलं असतं त्याने.

तिथेच मला ती भेटली. तिचं नाव मी लिहिणार नाही. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, आणि हा नियम मला मान्य आहे. आमच्या यादीत तिचा नंबर एक्केचाळीस.

एकोणीस वर्षांची. पार्लरचा कोर्स अर्धा सोडलेला. बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी माझ्या भुवया बघून म्हणाली, "ताई, या कुणी केल्या? हात तोडा त्याचे." डबी हातात घेऊन विचारायची, "याचं पुस्तक होणार ना? त्यात माझं नाव येणार?" म्हटलं, नाही गं, नंबर येणार. तर म्हणते, "जाऊ दे. माझं नाही तर नाही. तुमचं तरी येतंय ना?"

म्हटलं, बघू.

तिला टेस्टप्रमाणे औषध वेळेवर सुरू झालं. तीनेक आठवड्यांनी म्हणाली, उभं राहिलं की गरगरतं, छाती धडधडते. मी वहीत लिहिलं. ऋत्विजला सांगितलं. तो म्हणाला, "ते डॉक्टर बघतील यार. आपण टेस्टचं बघतोय." दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही मी फोन केला. पेशंटला घेऊन या म्हणाले. पुढच्या सोमवारी मीच नेते, असं तिच्या आईला सांगून आले.

सोमवारी डबा घेऊन गेले तर गल्लीत माणसं उभी. दारात चपलांचा ढीग. तिला खाली निजवलेलं होतं, नाकात कापूस. तिची आई भिंतीला टेकून बसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे. म्हणाली, "आता कसली थुंकी पायजे तुला?"

मी डबा पाठीमागे लपवला. तिथेच उभी राहिले. लॅबमध्ये येऊन वहीत लिहिलं: एक्केचाळीस. मृत्यू. पेशंटच्या घरी जाऊन स्वतः पाहिलं. खाली तारीख, खाली सही.

काही महिन्यांनी पेपरचा मसुदा मेलवर आला. उघडला, आणि दुसरं नाव माझं! आईशप्पथ सांगते, त्या क्षणी मला बाकी काही दिसलं नाही. टॉयलेटमध्ये जाऊन रडले. परत आले, परत बघितलं. होतं तिथेच होतं.

मग पुढे वाचत गेले. तक्ता दोन. बरे झालेले. उपचार चालू असलेले. संपर्क तुटलेले. मृत्यू: शून्य.

वही घेऊन मॅडमकडे गेले. त्या चहा घेत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "अगं, दाखला कुठाय? आपल्याकडे मृत्यूचा कागद नाही. ती माणसं घर सोडून गेली. कागद नसेल तर संपर्क तुटला असंच लिहायचं, नियमच आहे तो."

"मी पाहिलंय, मॅडम."

"तू पाहिलंस, ठीक आहे. तुझं पाहणं म्हणजे डेटा नाही गं." मग हसल्या. "दुसरं नाव दिलंय तुला. बघितलंस ना?"

बघितलं होतं ना! म्हणून तर पुढे तोंड उघडलं नाही. दाखला आणायला मी जाऊ शकले असते. एक दिवस लागला असता. मी गेले नाही. प्रत्येक लेखकाने सही करायचा फॉर्म आला, त्यावर लिहिलेलं: मी आकडे तपासले आहेत, ते खरे आहेत. मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. मॅडमनी फसवलं, ऋत्विजने फसवलं असं म्हणत मला छाती बडवता येणार नाही. सही माझी आहे.

आईने या वेळी पहिल्याच पानावर नाव शोधलं. बोट तिथेच ठेवून बसली. शेजारच्या चार बायकांना बोलावून दाखवलं. त्यातल्या एकीने विचारलं, कशाचं संशोधन? आई म्हणाली, "टीबीचं. माझी पोर लोकं वाचवती." मी मोरीत गेले आणि नळ सोडून बसले.

आणि मग त्या एक्केचाळीस नंबरच्या पोरीने माझा पाठलाग सुरू केला. भूतबित मी मानत नाही. आमच्या घरात मानत नाहीत. पण काय म्हणू दुसरं?

तिच्या शेवटच्या सॅम्पलमधला जंतू आमच्याकडे वाढला होता. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये छोट्या नळीत, वर माझ्याच अक्षरात ४१. इतका छान वाढणारा, इतका चिवट जंतू बाकी कुणाचाच नव्हता. मॅडम म्हणायच्या, "एक्केचाळीस म्हणजे आपलं सोनं आहे." दर काही महिन्यांनी तो बाहेर काढून जागा करायचा, वाढवायचा, परत झोपवायचा. हे काम माझं. परदेशातली टीम मागायची, बंगलोरचे लोक मागायचे. मी कोरड्या बर्फात पॅक करून पाठवायचे. ती पोर मानखुर्दच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिचा जंतू विमानाने गेला. त्यावर आणखी दोन पेपर आले, दोन्हींत मी मधे कुठेतरी होते. संस्थेच्या वेबसाइटवर माझ्या नावाचं पान झालं. यादी वाढत होती. प्रत्येक ओळ तिच्या छातीतून आलेली.

सकाळी साडेदहाला, ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात, बाटलीतला पांढुरका थर बघताना मला खोकला ऐकू यायचा. तिचाच. मी वळून बघायचे. ऋत्विज हेडफोन लावून बसलेला असायचा. मेट्रोत कुणी पोरगी भुवयांवरून बोट फिरवताना दिसली की मी दुसऱ्या डब्यात जायचे. ती रागावलेली नसायची, हेच वाईट होतं. माझ्या डोक्यात ती नेहमी हसतच विचारायची, "आलं का नाव?"

मॅडमनी एक दिवस बोलावलं. आधीच्याच पेशंटांचा पुढचा पेपर करायचा होता, जास्त मोठ्या जर्नलमध्ये. म्हणाल्या, "या वेळी पहिलं नाव तुझं. खूश?" पहिलं नाव. त्यावर पीएचडी मिळाली असती, बाहेर जाता आलं असतं. मी हो म्हणाले. हो म्हणाले, अजून काय सांगू!

परदेशातल्या टीमबरोबर स्क्रीनवर मीटिंग होती. दुपारचे तीन. तिकडे एक पांढऱ्या केसांची बाई, आकडेवारी तपासणारी. तिने मॅडमना विचारलं, हे जे संपर्क तुटलेले पेशंट आहेत, त्यांच्या घरी कुणी गेलं होतं का?

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, मी मराठीत सांगते, "हो ना. ही आमची वस्तीतली मुलगी. स्वतः तसल्याच घरातून आलीय, त्यामुळे ती माणसं हिच्याजवळ मोकळी होतात. हिला विचारा."

माझं एम.एस्सी. गेलं. मी बसवलेलं ते थुंकीचं धुणं गेलं. पेपरवरची नावं गेली. पहिलं नाव माझं ठरलेलं होतं, तेही गेलं. राहिली वस्तीतली मुलगी. खांद्यावर हात तसाच, प्रदर्शनात वस्तू दाखवावी तसा. माझं डोकं सटकलं. आणि त्या रागातच आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. वस्तीतली मुलगी म्हणून मला पुढे करत होत्या, आणि वस्तीतल्याच मुलीचं मरण खोडायला माझी सही वापरत होत्या. मी वापरू देत होते. तिला ओळखणारी त्या खोलीत एकटी मी, आणि मीच गप्प.

मी खांदा सोडवला. इंग्रजी माझं अडखळतं, तसंच बोलले. "मी घरी गेले होते. एक्केचाळीस नंबरचा संपर्क तुटलेला नाही. ती मेली. मी तिचं प्रेत पाहिलं. मरायच्या आधी तिची छाती धडधडत होती, ते माझ्या वहीत आहे. तक्ता दोन चुकीचा आहे, आणि त्यावर सही माझी आहे."

स्क्रीनवरची बाई पेन उचलून लिहायला लागली. मॅडमनी आवाज गेल्याचं सांगून मीटिंग बंद केली.

मग मात्र गोड बोलणं संपलं. "तुला पहिलं नाव देत होते मी. तुला! कळतंय का काय केलंस? चौकशी झाली तर पहिली तू अडकशील. फॉर्मवर सही तुझी आहे."

"माहितीये," म्हटलं. "म्हणून तर बोलले."

ऋत्विज लिफ्टपर्यंत आला. म्हणाला, "वाट लावून घेतलीस यार स्वतःची. एका आकड्यासाठी?" तो वाईट नाही, पण तो त्या घरात कधी गेलेला नाही.

दोन दिवसांनी मी तिच्या आईला शोधून काढलं. त्यांना कांजूरमार्गला बिल्डिंगीत खोली मिळाली होती. दार उघडलं तसं तिने मला ओळखलं. आत ये म्हणाली नाही. मी दारातच सांगितलं, मावशी, आम्ही पेपरात तुमची मुलगी मेली असं लिहिलं नाही. संपर्क तुटला असं लिहिलं. म्हणजे उपचार सोडून कुठेतरी निघून गेली, असं.

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "निघून गेली? कुठं जाणार व्हती ती? मोरीपत्तोर जाता येत नव्हतं तिला. मीच उचलून नेत व्हते."

शिव्या तिच्या ओठावर आल्या होत्या, दिल्या नाहीत. आत गेली, प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला काढला आणि माझ्या हातात दिला. खालच्या दुकानात झेरॉक्स काढून मी परत केला. इतकंच होतं ते. एक झेरॉक्स. एवढ्यासाठी ती आमच्या तक्त्यात बेपत्ता होती.

आईला सगळं सांगितलं. कागद रद्द होईल म्हटलं, तुझ्या बोटाखालचं नाव जाईल. ती मग एकच म्हणाली, "वार्डात मेलेला माणूस घरी गेला म्हणून खाट रिकामी दाखवायची नस्ती बाई. मी कधी दाखवली नाय." पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचा राग रास्त होता.

जर्नलला पत्र पाठवलं. वहीच्या पानाचा फोटो, दाखला नाव झाकून, आणि माझ्या खोट्या सहीची कबुली. उत्तर आलं: तुमच्या संस्थेकडे विचारणा करत आहोत. संस्थेकडे म्हणजे मॅडमकडे. घ्या! माझं कंत्राट पुढे वाढलं नाही. वेबसाइटवरचं माझं पान गेलं. सध्या मुलुंडच्या एका पॅथॉलॉजीत लोकांची शुगर तपासते. इथे कुणी पेपर विचारत नाही.

ती औषधाने मेली की आजाराने, मला माहीत नाही. पण शून्य लिहिलं की कुणी विचारणारच नाही. तो पेपर वाचून कुठल्यातरी दवाखान्यात कुणीतरी डॉक्टर निर्धास्त होऊन तेच औषध लिहीत असेल, आणि एखादी पोर छाती धडधडते म्हणत असेल. ती पोर मला रोज दिसते. तिला मी ओळखत नाही.

माझी एक्केचाळीस अजूनही येते. जावी असं मला वाटत नाही. ती गेली तर मी परत गप्प बसेन, इतकं मी स्वतःला ओळखते.

मी तीन पत्रं लिहिली आहेत. चौथं लिहीन. पाचवं लिहीन. ज्या डॉक्टरांनी तो पेपर वाचला असेल त्यांना एकेकाला लिहीन. माझं नाव त्यातून गेलं तर जाऊ दे, पण आधी तो आकडा बदलायचा. ती मेली. आमचं औषध घेत असताना मेली. तक्ता दोनमध्ये शून्याच्या जागी एक छापला जात नाही तोवर मी थांबणार नाही.